डेटा जोडणीचा प्लॅटफॉर्म कोणता घ्यावा? बेळगाव, निपाणी, खानापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेतली फाउंड्री असो, चिकोडी-हुक्केरी पट्ट्यातला साखर कारखाना असो की दोन्ही राज्यांत शाखा असलेली पतसंस्था, विचारणा साधारण एकाच टप्प्यावर येते. पुण्याहून किंवा बंगळूरहून कुणीतरी येऊन प्रेझेंटेशन देऊन गेलेलं असतं, टेबलावर कोटेशनं पडलेली असतात आणि संचालक मंडळाची बैठक तोंडावर आलेली असते. त्या वेळी पडणारे प्रश्न इथं घेतले आहेत. काही उत्तरं सरळ माहिती आहे, काही आमचं मत आहे. मत आहे तिथं ते लपवलेलं नाही.

मुळात हा प्लॅटफॉर्म करतो काय?

टॅली, ईआरपी (सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर), वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, कोअर बँकिंग, एक्सेल असा विखुरलेला डेटा ठरल्या वेळी उचलतो, साफ करतो, एका जागी (हे डेटाचं गोदाम, म्हणजे डेटा वेअरहाउस; पुढं नुसतं ‘गोदाम’) नेऊन ठेवतो आणि मध्ये काही अडलं तर कळवतो. यातलं शेवटचं काम सगळ्यांत मोलाचं. उचलणं-ठेवणं एखादी पायथन स्क्रिप्टही करते. ती मध्यरात्री बंद पडली आणि सकाळी साहेबांच्या हातात कालचाच अहवाल गेला, हे मात्र स्क्रिप्ट कुणाला सांगत नाही.

आमच्याकडं एक टॅली आणि पाच-सहा एक्सेल फाइली. आम्हाला हे लागेल का?

नाही. एक्सेलमधलं पॉवर क्वेरी (डेटा ओढून साफ करायची सोय) आणि ते नीट चालवणारा एक माणूस एवढ्यावर तुमचं भागेल. त्याच महिन्याची विक्री मार्केटिंगवाले एक सांगतात आणि अकाउंट्सवाले दुसरी, असं वारंवार व्हायला लागलं की मग पुढचं वाचा.

कोटेशनं आली आहेत. तुलना कुठून सुरू करायची?

कनेक्टर म्हणजे एखादं सॉफ्टवेअर जोडायची तयार सोय; त्यांच्या संख्येपासून नको. ब्रोशरवर शेकडो कनेक्टर असतात. त्यांत सेल्सफोर्स असतं, हबस्पॉट असतं, शॉपिफाय असतं, गूगलच्या जाहिराती असतात. मच्छे किंवा होनग्याच्या कारखान्याला यांतलं काय लागतं? तुमच्याकडचा सगळ्यांत अडेलतट्टू स्रोत कोणता ते आधी ठरवा आणि सगळ्या कंपन्यांना तोच जोडून दाखवायला सांगा. सोपे स्रोत सगळेच जोडतात, त्यावरून निवड होत नाही. हे एक केलं तरी अर्धी कोटेशनं आपोआप बाजूला पडतात.

आपल्या भागात हा अडेलतट्टू बहुतेक वेळा टॅली असतो. टॅली हा नेहमीच्या अर्थानं डेटाबेस नव्हे. बाहेरच्या सॉफ्टवेअरशी ते एक्सएमएलमध्ये बोलतं, साधारणपणे ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, आणि त्यासाठी टॅली चालू असावं लागतं, त्यात ती कंपनी उघडलेली लागते. संध्याकाळी अकाउंटंट मशीन बंद करून घरी गेला की रात्रीचं शेड्यूल कोरडं जातं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: जोडणी तुटली तर परत कुठून सुरू होतं?

दुसरा प्रश्न मागच्या तारखेच्या नोंदींचा. टॅलीत प्रत्येक व्हाउचरला ऑल्टर आयडी असतो आणि नोंद बदलली की तो पुढं जातो. त्याच्या आधारे बदललेल्या नोंदी उचलणारा कनेक्टर चांगला. फक्त व्हाउचरची तारीख बघणारा कनेक्टर ‘कालपासूनचं’ आणतो, आणि जूनमध्ये बसून मार्चच्या तारखेनं घातलेली नोंद त्याच्या हाती लागत नाही. मार्चएंडनंतर अशा नोंदी किती पडतात ते तुमच्या अकाउंटंटला विचारा, तो हसेल.

तिसरा प्रश्न खोडलेल्या व्हाउचरचा. ते ऑल्टर आयडीनंही सापडत नाही, कारण जे उरलंच नाही त्याचा नंबर कुठून येणार? त्यासाठी टॅलीतली सगळी यादी आणि गोदामातली यादी अधूनमधून ताडून बघावी लागते. प्रतिनिधी म्हणाला की टेक्निकल टीमला विचारून सांगतो, तर त्यात वावगं काही नाही. सांगतो का, एवढं बघा.

काही ठिकाणी टॅलीपेक्षाही हट्टी स्रोत निघतात. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या डीबीएफ फाइलीत लिहिणारं काट्याचं जुनं सॉफ्टवेअर किंवा करणारा माणूस निघून गेलेला, कागदपत्रं नसलेला ईआरपी. मग तो घ्या परीक्षेला.

बाजारात आहेत तरी कोण कोण? सगळे एकच काम करतात का?

नाही, आणि एका कोटेशनची दुसऱ्याशी तुलना जमत नाही ती इथंच.

जुनी, भारदस्त मंडळी म्हणजे इन्फॉर्मॅटिका (१९९३ पासूनची कंपनी), आयबीएमचं डेटास्टेज, ओरॅकलचं डेटा इंटिग्रेटर. मोठ्या बँका, विमा कंपन्या, टेलिकॉम यांच्यासाठी घडलेली साधनं. डेटा कुठून आला, कुणी बदलला, कुठं गेला याचा माग ठेवण्यात ती तरबेज आहेत. मध्यम कारखान्याला ती परवडणं कठीण आणि चालवणारा माणूस मिळणं त्याहून कठीण.

क्लाउड कंपन्यांची स्वतःची साधनं आहेत: मायक्रोसॉफ्टचं अॅझ्युअर डेटा फॅक्टरी, अॅमेझॉनचं ग्लू, गूगलचं डेटा फ्युजन. त्या क्लाउडवर तुमचं आधीच काही असेल तर हा विचार आधी करावा.

फाइव्हट्रॅन, एअरबाइट, बंगळूरशी नातं असलेलं हेवो ही तयार नळजोडणी. स्रोत निवडा, पासवर्ड द्या, डेटा आहे तसा गोदामात येऊन पडतो, साफसफाई नंतर तिथंच एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) करायची. काम झटपट होतं, पण त्यांच्या यादीत तुमचा स्रोत नसेल तर सगळं तिथंच थांबतं.

म्यूलसॉफ्ट, बूमी, एसएपीचं इंटिग्रेशन सूट यांचं काम निराळं. इथं ऑर्डर पडली की तिथं लगेच नोंद व्हावी, अशी एका सॉफ्टवेअरची दुसऱ्याशी बोलणी ती लावून देतात. वर्षभराच्या विक्रीचे लाखो रेकॉर्ड उपसून अहवालासाठी नेणं हा त्यांचा पिंड नव्हे. म्यूलसॉफ्ट आणि फाइव्हट्रॅनची कोटेशनं शेजारी ठेवून ‘कोणतं स्वस्त’ विचारलं जातं, तेव्हा मुळात गरज कोणती हेच ठरलेलं नसतं.

आणि एक घरातलंच: मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसबरोबर येणारं इंटिग्रेशन सर्व्हिसेस, म्हणजे एसएसआयएस. २००५ च्या आवृत्तीपासून आहे. ईआरपी एसक्यूएल सर्व्हरवर चालत असेल आणि तुमच्याकडं स्टँडर्ड परवाना असेल, तर हे तुमच्या घरात आधीच पडून आहे. फुकटच्या एक्सप्रेस आवृत्तीत ते मिळत नाही. दिसायला जुनाट आहे, ढगाळ भाषा बोलत नाही, म्हणून त्याचं नाव कोटेशनमध्ये कुणी घालत नाही. आमचं मत असं की मध्यम कारखान्यानं बाहेरचं काही विकत घेण्याआधी ते एकदा उघडून बघावं.

आमचे ग्राहक बेळगावात, कोल्हापुरात, गोव्यात. तोच माणूस तीन नावांनी येतो. प्लॅटफॉर्म हे जुळवून देईल का?

जुळवायची सोय देईल. जुळवणार तुम्हीच.

व्यापारी ग्राहकांसाठी किल्ली हाताशी आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे (कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं पॅन. एकाच फर्मचे निपाणीचं दुकान आणि कागलचं गोदाम वेगळ्या जीएसटी क्रमांकावर असले तरी मधला पॅन एकच असतो. तेव्हा जुळवणी पॅनवर करा आणि जीएसटी क्रमांक शाखेची ओळख म्हणून ठेवा. उलट केलंत तर एकच मोठा ग्राहक दोन मध्यम ग्राहक म्हणून दिसेल, उधारीची मर्यादा दोनदा दिली जाईल आणि वसुलीच्या वेळी सगळं उघडं पडेल.

पॅन नसलेल्या माणसांचं खरं त्रांगडं असतं. आधारवर कन्नड आणि इंग्रजी, शाळेच्या दाखल्यावर मराठी, जुन्या खातेवहीत कारकुनानं लावलेलं स्पेलिंग. पाटीलचे इंग्रजीत किती प्रकार होतात ते आपल्याला माहीत आहे. गावांचंही तेच. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. त्याआधीच्या नोंदी जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं, नंतरच्या नव्या, आणि मधल्या काळातल्या कशाही. निपाणी एका ‘प’ची की दोन, चिकोडी एका ‘क’ची की दोन, यावर अहवालात दोन-दोन ओळी पडतात. यावर उपाय एकच: गावांचा पक्का मास्टर. जनगणनेचा गावाचा कोड किंवा पिनकोड किल्ली धरायचा आणि लिहिण्याचे सगळे प्रकार त्याला टांगायचे. कंटाळवाणं काम आहे. कोणताही प्लॅटफॉर्म घेतलात तरी ते चुकत नाही, आणि जो विक्रेता म्हणतो की आमची एआय आपोआप करते, त्याला तुमच्या सभासदांची खरी यादी देऊन तिथंच करून दाखवायला सांगा.

साखर कारखान्याचं काही वेगळं आहे का?

बरंच. ऊस दोन्ही बाजूंनी येतो, म्हणून जमिनीचे कागद दोन तऱ्हेचे. महाराष्ट्रातल्या सभासदाचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, कर्नाटकातल्या सभासदाचा आरटीसी उतारा एकर-गुंठ्यांत, तोही कन्नडमध्ये, ‘भूमी’ प्रणालीतून आलेला. आता गंमत बघा. सातबाऱ्यावरचा ०.६० हा आकडा दशांश म्हणून वाचला तरी बरोबर येतो, कारण १०० आर म्हणजे एक हेक्टर. आरटीसीवरचं १.२० मात्र १ एकर २० गुंठे असतं, म्हणजे दीड एकर, कारण एकराचे गुंठे ४०. डेटा उचलणारं साधन दोन्ही आकडे डोळे झाकून संख्या म्हणून घेतं. दीड एकराचा सव्वा एकरही राहत नाही, १.२ होतो. दोन्ही शेतं जवळजवळ सारखीच असतात (०.६० हेक्टर म्हणजे साधारण १ एकर १९ गुंठे), पण अहवालात त्यांचा मेळ बसत नाही. ऊस नोंदीचं क्षेत्र चुकलं की एकरी उत्पादनाचा अंदाज चुकतो, तो चुकला की तोडणीचा कार्यक्रम चुकतो.

म्हणून कोणत्याही प्लॅटफॉर्मच्या चाचणीत हा एक स्तंभ मुद्दाम द्या. आरटीसीचा आकडा मजकूर म्हणून उचलता येतो का, बिंदूपाशी तोडून ४० नं भागता येतो का, आणि हा नियम एका ठिकाणी लिहून सगळीकडं वापरता येतो का? साधी गोष्ट वाटते. पण ‘आकडा दिसला की दशांश’ असं आपणच ठरवून टाकणारी साधनं आहेत, आणि ती सवय मोडायला दर वेळी सेटिंग शोधावी लागते.

कारखान्याची आणखी एक बाजू हंगामाची. तिचं बिलाच्या प्रश्नात येईल.

जुन्या डेटातली मराठी-कन्नड नावं नव्या ठिकाणी गेल्यावर अगम्य चिन्हं होऊन बसतात. का?

बहुधा ती युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतात) नाहीतच. श्रीलिपीत टंकलेली मराठी आणि नुडीच्या जुन्या पद्धतीत टंकलेली कन्नड, दोन्हींत साठवलेली अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हांचीच असतात. फॉन्ट बदलला की मुखवटा गळतो. प्लॅटफॉर्म युनिकोड चालवतो म्हणजे हे आपोआप बदलून देतो असं नाही. मधे वेगळा कन्व्हर्टर लागतो, आणि एकाच स्तंभात मराठी आणि कन्नड दोन्ही असतील तर कोणती ओळ कोणत्या फॉन्टची हे आधी ओळखावं लागतं. शाखेच्या कोडवरून बऱ्याचदा ओळखता येतं.

दुसरी बाजू गोदामाची. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्तंभाचा प्रकार साधा व्हारचार ठेवला तर नेहमीच्या सेटिंगमध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात. ती फक्त दिसत नाहीत, साठवलीच तशी जातात, परत फिरवता येत नाहीत. स्तंभ एनव्हारचार हवा. ओरॅकलमध्ये लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल तर यूटीएफ-८ मधलं एक देवनागरी अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. ३० लांबीच्या स्तंभात १० चिन्हं मावतात, आणि काना-मात्राही चिन्हंच. नाव अर्ध्यावर तुटलं तर आधी हे तपासा.

‘रिअल टाइम’ घ्यावं का? प्रत्येक जण तेच विकतो.

प्रत्येक डेटाला त्याची घाई विचारा. ई-इन्व्हॉइस घ्या: १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना तो सक्तीचा आहे. सरकारी पोर्टलवरून नोंदणी क्रमांक मिळाल्याशिवाय मालाचं इन्व्हॉइस वैध नाही, गाडी गेटवर उभी राहते. तिथं सेकंदांची घाई खरी आहे. पण ते काम ईआरपी आणि पोर्टल यांच्यातल्या थेट जोडणीचं, डेटा गोदामाचं नव्हे.

उसाच्या बिलाला कायद्यानं १४ दिवस दिलेत, ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे. त्यानंतर १५ टक्के व्याज चढतं. तिथं काट्याचा डेटा रोज रात्री आला तरी भरपूर झालं. गेटवरची वाहनांची रांग बघायची असेल तर ती गोष्ट वेगळी. कर्जखात्यांची थकबाकी संचालकांना रोज सकाळी पुरते. त्यामुळं बहुतेक ठिकाणी ‘रिअल टाइम’साठी वेगळे पैसे मोजू नयेत असं आम्ही सांगतो.

एक अपवाद. ‘चेंज डेटा कॅप्चर’ नावाची सोय घाईसाठी नाही तरी अचूकतेसाठी उपयोगी पडते. ती डेटाबेसचा लॉग वाचते, त्यामुळं खोडलेल्या ओळीही तिला दिसतात. ‘शेवटचा बदल केव्हा’ हा स्तंभ बघून डेटा आणणाऱ्या पद्धतीला खोडलेलं कधीच दिसत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीत २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ही सोय आहे. डेबेझियमसारखं मुक्त साधन तिचा वापर करतं.

बिल कसं मोजतात? कोटेशन वाचून काही कळत नाही.

कळू नये अशीच ती लिहिलेली असतात असं वाटण्याइतपत ती अवघड असतात. वार्षिक रक्कम बघू नका, मीटर कशावर फिरतं ते बघा.

फाइव्हट्रॅन महिन्यातल्या ‘सक्रिय ओळी’ मोजतं. एक ओळ महिन्यात एकदा बदलली काय नि शंभर वेळा बदलली काय, एकदाच धरली जाते. हेवो ‘इव्हेंट’ मोजतं. प्रत्येक बदल वेगळा. आता पतसंस्थेचं उदाहरण धरा. ४०,००० खाती आहेत आणि रोज रात्री व्याजाची तरतूद करताना प्रत्येक खात्याची ओळ बदलते. पहिल्या पद्धतीत महिन्याला ४०,००० मोजले जातील, दुसऱ्या पद्धतीत १२ लाख. उलट, फक्त नव्या पावत्यांची भर पडत जाते आणि जुन्याला कुणी हात लावत नाही, अशा डेटाला दोन्ही मीटर जवळपास सारखंच दाखवतील. तेव्हा प्रति ओळ दर कमी म्हणजे स्वस्त असं नसतं. तुमचा डेटा कसा हलतो ते आधी मोजा, मग दराला गुणा.

अॅझ्युअर डेटा फॅक्टरीत प्रत्येक कामाचा वेळ मोजला जातो आणि अर्धवट मिनिट पूर्ण धरलं जातं. दर पाच मिनिटांनी काही सेकंदांचं काम लावलंत तर न वापरलेल्या मिनिटांचे पैसे जातात. तेच काम तासाला एकदा लावा. इन्फॉर्मॅटिकाचं क्लाउड स्वतःची ‘युनिटं’ आधी विकत घ्यायला लावतं. कोणतं काम किती युनिट खातं याचा तक्ता लेखी मागून घ्या.

साखर कारखान्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चपर्यंत उरकतो. तेवढे महिने काट्यावर पावत्यांचा पाऊस, उरलेले महिने जवळजवळ शांत. दरमहा सारखी मर्यादा आणि तीवर वापर गेला तर चढा दर, असा करार कारखान्याला नुकसानीचा. वर्षाची मिळून एक मर्यादा मागा. मिळते, मागणारे कमी असतात.

डॉलरमधलं बिल असेल तर रुपयाची घसरण आणि १८ टक्के जीएसटी, दोन्ही धरून बजेट करा. परदेशी कंपनीचं थेट बिल आलं तर कर तुम्हाला रिव्हर्स चार्जनं भरावा लागतो. कारखान्याला तो क्रेडिटमध्ये परत मिळतो. सौहार्द (कर्नाटकातला सहकारी संस्थेचा एक प्रकार) किंवा पतसंस्थेचं कर्जावरचं व्याज करमुक्त असल्यामुळं त्यांना बराचसा मिळत नाही, म्हणजे त्यांच्यासाठी तेच कोटेशन प्रत्यक्षात महाग.

मुक्त स्रोत साधनं फुकट आहेत. मग तीच का नकोत?

परवाना फुकट, माणूस नाही. एअरबाइट स्वतःच्या सर्व्हरवर चालवायला आठ जीबी रॅमचं मशीन पुरतं, पण आवृत्ती बदलल्यावर कनेक्टर मोडला तर दुरुस्त करणारा आपलाच हवा. अपाचे नायफाय (अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं २०१४ मध्ये मोकळं केलेलं) मशीनवरून येणाऱ्या डेटासाठी छान आहे. पेंटाहोच्या केटलमधून निघालेलं अपाचे हॉप शिकायला सोपं. असा एक हौशी आणि टिकणारा माणूस तुमच्याकडं असेल तर बिनधास्त घ्या. हौशी असून टिकणारा, दोन्ही अटी आहेत.

आज घेतलेली कंपनी उद्या विकली गेली तर?

जाईलच असं धरून चाला. म्यूलसॉफ्ट २०१८ मध्ये सेल्सफोर्सकडं गेलं. बूमी २०२१ मध्ये डेलनं विकलं. टॅलेंड २०२३ मध्ये क्लिकनं घेतलं आणि त्याची लोकप्रिय फुकट आवृत्ती, ओपन स्टुडिओ, ३१ जानेवारी २०२४ ला बंद केली; तिच्यावर कामं उभी केलेल्यांना दुसरीकडं जावं लागलं. स्ट्रीमसेट्स आणि वेबमेथड्स २०२४ मध्ये आयबीएमकडं गेली. इन्फॉर्मॅटिका २०२५ मध्ये सेल्सफोर्सनं घेतली. त्याच वर्षी फाइव्हट्रॅन आणि गोदामातल्या साफसफाईचं साधन बनवणारी डीबीटी लॅब्ज यांनी एकत्र येण्याची घोषणा केली. कंपनी किती मोठी, यावर भिस्त ठेवून उपयोग नाही. साफसफाईचे नियम साध्या एसक्यूएलमध्ये, आपल्या गोदामात आणि आपल्या ताब्यात ठेवले तर नळ बदलता येतो. ते प्लॅटफॉर्मच्या ओढून-जोडून काढलेल्या चित्रांत अडकवले तर मालक बदलल्यावर सगळं पुन्हा काढावं लागतं.

सर्व्हर आपल्याच खोलीत ठेवावा की क्लाउडवर? कायदा काय म्हणतो?

कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो, २०२२ च्या दुरुस्तीपासून. याला क्लाउडची आडकाठी नाही: मायक्रोसॉफ्टचं केंद्र पुण्यात आहे, अॅमेझॉनची मुंबई आणि हैदराबादला, गूगलची मुंबई आणि दिल्लीला. फक्त प्लॅटफॉर्म मधल्या वाटेत डेटा कुठं थांबवतो ते विचारा. काही सेवांचं नियंत्रण भारताबाहेरून चालतं.

वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिने दिलेत. सभासदांचे आधार, मोबाइल क्रमांक गोदामात जसेच्या तसे ओतण्याची सवय आत्ताच मोडावी. अहवालाला आधार क्रमांक लागत नाही. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश बघावे लागतील; ते वरच्या दोन स्तरांतल्या बँकांना लागू आहेत. सौहार्द आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत, त्यांचा निबंधक वेगळा.

आपल्या खोलीतला सर्व्हर आणि क्लाउड यांच्यामध्ये सहसा एक छोटा एजंट (डेटा पोचवणारा प्रोग्रॅम) बसवतात. तो आतून बाहेरच जोडणी करतो का, हे विचारा. फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारं दार उघडायला सांगणारा विक्रेता परत पाठवावा. अॅझ्युअरचा एजंट विंडोजवरच चालतो, हेही लक्षात असू द्या.

फाउंड्रीत हीट नंबर (भट्टीतल्या धातूच्या एका घाण्याचा क्रमांक) सगळीकडं आहे. त्यावर डेटा जोडला की झालं ना?

झालं असतं, हीट नंबर एकमेव असता तर. बऱ्याच फाउंड्रींत तो दर वर्षी, कुठं दर महिन्याला परत एकपासून सुरू होतो. स्पेक्ट्रोची (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राची) फाइल, मोल्डिंगची वही आणि डिस्पॅच हे नुसत्या नंबरवर जोडलं तर मागच्या वर्षीचं रसायन यंदाच्या कास्टिंगला चिकटतं. भट्टी, वर्ष आणि नंबर मिळून किल्ली करा. हत्तरगीच्या एरोस्पेस पट्ट्याला किंवा निर्यातीला माल देणाऱ्यांकडं ग्राहक हा माग मागतोच.

हे सगळं चालवणार कोण? मुलं तर पुण्याला नाहीतर बंगळूरला जातात.

जातात. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्यालय इथं, अभियांत्रिकी कॉलेजं इथं, आणि पास झालेली बॅच राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून दोन दिशांना. म्हणून इन्फॉर्मॅटिकाचा तज्ज्ञ बेळगावात शोधण्यापेक्षा एसक्यूएल येणारा माणूस तयार करावा. अकाउंट्स किंवा ईआरपी विभागातला, कामाची खाचखळग्यांसह माहिती असलेला माणूस शिकवून तयार करणं आमच्या मते जास्त टिकाऊ. भट्टी कशी चालते ते त्याला नव्यानं सांगावं लागत नाही. प्लॅटफॉर्म त्या माणसाला झेपेल असा घ्या. तो रजेवर असताना कोण, याचंही नाव लिहून ठेवा.

गार्टनर या सल्लागार कंपनीच्या क्रमवारीच्या चौकटीत वर असलेला घेतला तर?

त्या चौकटीला टॅली माहीत नाही.

चाचणी कशी घ्यावी?

महिनाअखेर येईल अशी घ्या. पहिल्या आठवड्यात सगळंच चालतं. चाचणीच्या मध्ये मुद्दाम टॅलीचं मशीन बंद करा, एक जुनं व्हाउचर बदला, एक खोडा, ईआरपीत एका टेबलला नवा स्तंभ घाला. प्रत्येक वेळी सूचना कुणाला, किती वेळात आली ते टिपून ठेवा. शेवटी गोदामातल्या आकड्यांवरून ट्रायल बॅलन्स काढा आणि टॅलीच्या ट्रायल बॅलन्सशी रुपयापर्यंत ताडा. ओळींची संख्या जुळली एवढ्यावर समाधान मानू नका. रक्कम चुकीच्या खात्यावर गेली तरी संख्या जुळतेच. डेमो विक्रेत्याच्या नमुना डेटावर नको, तुमच्याच डेटावर हवा, नावं-आधार झाकून.

करारात काय लिहून घ्यावं?

नूतनीकरणाचा दर किती टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, हे आकड्यात. पहिल्या वर्षाची सवलत दुसऱ्या वर्षी गायब होते. कनेक्टर तुटला तर दुरुस्तीची मुदत, आणि ती टॅलीसारख्या जोडणीलाही लागू आहे असं स्पष्ट. बऱ्याच करारांत ‘भागीदारानं केलेल्या’ जोडणीची हमी वगळलेली असते. बाहेर पडताना कामांची मांडणी, वेळापत्रकं आणि लॉग कोणत्या स्वरूपात मिळणार तेही. एसएसआयएसची फाइल फक्त एसएसआयएसला कळते, इन्फॉर्मॅटिकाची मांडणी दुसरीकडं जशीच्या तशी जात नाही, त्यामुळं निदान कागदावर उतरवलेली यादी तरी हवी. करार आपोआप पुढं चालू राहणारा असेल तर नको असल्याचं किती दिवस आधी कळवायचं ते बघा, आणि ती तारीख ऐन गाळपात किंवा मार्चएंडला येत असेल तर सही करण्याआधी बदलून घ्या.